कंटेनर सुपारीने अडला नव्हता

आमच्या जुन्या कंपनीने गेल्या वर्षी एक स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर मालकांचे छायाचित्र आणि मध्यावर आमचे तेव्हाचे व्यवस्थापक सरदेसाई यांचा लेख. त्या लेखातील एक परिच्छेद माझ्यावर आहे. नाव घातलेले नाही; 'आमचे एक जुन्या वळणाचे सहकारी' असा सभ्य उल्लेख आहे. या सहकाऱ्याने म्हणे पूजेची सुपारी कंटेनरमध्ये ठेवली, ती ऑस्ट्रेलियातील अधिकाऱ्यांना सापडली आणि त्या एका सुपारीपायी अख्खा कंटेनर दिवाळीच्या तोंडावर परक्या बंदरात अडकून पडला. पुढे सरदेसायांनी अंधश्रद्धेवर दोन वाक्ये लिहिली आहेत. वाक्ये चांगली आहेत. फक्त त्यांचा माझ्याशी आणि त्या कंटेनरशी काही संबंध नाही.

मी संपादकांना चार पानी पत्र पाठवले. उत्तर आले, 'आपल्या भावना पोहोचल्या.' मी भावना पाठवल्या नव्हत्या, दुरुस्ती पाठवली होती. ती छापली गेली नाही, म्हणून हा लेख.

नगरजवळच्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील त्या कंपनीत मी एकतीस वर्षे माल बांधण्याचे आणि बाहेर पाठवण्याचे काम पाहिले. परदेशातील भारतीय दुकानांना लागते ते सगळे आम्ही गोळा करून पाठवत असू: स्टीलचे डबे, कुकर, पोळपाट-लाटणी, पितळी समया, अगरबत्ती, पापड, कुरडया, लोणची, मसाले, साड्या. बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. मधल्या लोखंडी खोलीत हे सगळे दाटीवाटीने बसवणे हे माझे काम. त्या खोलीला कंटेनर म्हणतात. वीस फूट लांब, एकच दार, खिडकी नाही. ते दार सुप्यात बंद होऊन सील झाले की महिना-दीड महिन्याने कुठल्यातरी दूरच्या बंदरात उघडणार. मधल्या काळात आत काय चालले आहे हे पाहण्याची सोय परमेश्वरालाही नाही.

लोकांना वाटते, यात काय कौशल्य? खोके उचलायचे आणि ठेवायचे. असे म्हणणाऱ्याला मी एकदा कंटेनरसमोर उभे करून म्हणालो होतो, "ठेवा." त्यांनी पापड खाली ठेवले आणि कुकर वर.

एकाच जातीच्या मालाचा कंटेनर सोपा असतो. साखर तर साखर, कापूस तर कापूस. मिश्र माल म्हणजे एकत्र कुटुंब. एकाला गोवर निघाला की सगळ्यांनी घरात बसायचे. दोनशे साठ प्रकारच्या वस्तूंपैकी एका वस्तूच्या कागदात खोट निघाली तर उरलेल्या दोनशे एकोणसाठ वस्तू निरपराध असूनही अडकतात. शिवाय या वस्तूंना एकमेकींचा वास लागतो. मॉरिशसच्या एका दुकानदाराने कंपनीला लिहिले होते, 'तुमचा पापड तळला की देवघरात बसल्यासारखे वाटते.' माझ्या आधीच्या गृहस्थांनी उडदाच्या पापडांची थप्पी मोगरा अगरबत्तीला टेकवून लावली होती. त्या पत्रानंतर ते खाते माझ्याकडे आले आणि माझ्या कारकिर्दीत पापड आणि अगरबत्ती यांची पुन्हा भेट झाली नाही.

गिऱ्हाइके तर विचारू नका. आखातातील एक व्यापारी दर वेळी फोनवर म्हणायचा, "नाना, तुम्ही मला नगरची हवा विकता." जहाजाचे भाडे जागेवर असते, रिकामा कुकर पाठवला तर आतल्या पोकळीचेही भाडे लागते, हे त्याचे दुःख. शेवटी त्याने लेखी हट्ट धरला की प्रत्येक कुकरच्या पोटात हळदीचे पुडे भरा. मी लेखी विरोध केला. त्याने लेखी आग्रह केला. समुद्रावर पुडे फुटले आणि दोनशे कुकर हळद लागलेल्या नवरदेवांसारखे पिवळे होऊन उतरले. तेव्हा त्याचा फोन आला, "नाना, तुम्ही मला अडवायचं होतं." कागद माझ्यापाशी होते. कागद माझ्यापाशी नेहमीच असतात, आणि लोकांचा राग बहुधा त्यावरच असतो.

आता पूजेविषयी. पूजा होत असे, हे खरे आहे. कंटेनर ओढणारे चालक पूजेशिवाय गाडी हलवत नसत आणि मलाही ती नको होती असे नाही. पण माझी पद्धत ठरलेली होती. कुंकवाची बोटे बाहेरून, दाराच्या कडीला. नारळ फाटकाबाहेर फुटणार आणि तिथेच खाऊन संपणार. अक्षता नाहीत, फुले नाहीत, सुपारी तर नाहीच. कारण ऑस्ट्रेलिया हा देश बी या गोष्टीला फार घाबरतो. परक्या मातीतले बी, परकी कीड, परके गवत आपल्या शेतात शिरू नये म्हणून त्यांचे अधिकारी बूट उलटे करून पाहतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. आपल्याकडे गाजर गवत कसे पसरले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एक चालक दर वेळी गयावया करी. "नाना, लिंबू-मिरची तरी बांधू द्या. घाट उतरायचाय."

"बांध. पण तुझ्या बंपरला. माझ्या दाराला नाही."

"मालाला नजर लागली म्हंजे?"

"मालाला माझीच नजर पुरेशी आहे."

ज्या माणसाने लिंबू दाराला लागू दिले नाही, त्याने आत सुपारी ठेवली असे सरदेसाई लिहितात. असो. आता जे घडले ते सांगतो.

मीनल ही मूळची श्रीरामपूरची मुलगी, लग्नानंतर ऑस्ट्रेलियात गेलेली. तिथे तिचे दुकान होते आणि ती आमची जुनी गिऱ्हाईक. एका वर्षी तिने विचारले, "नानाकाका, गोधड्या मिळतील का? यंत्रावरच्या नकोत. हाताने शिवलेल्या." शेवगावच्या पलीकडे एका गावात सुनंदाताईंचा बचत गट होता, त्यांच्याकडून आम्ही कुरडया घेत असू. चौदा बायका. जुनी सुती लुगडी, धोतरे धुऊन, एकावर एक पाच-सहा थर लावून त्या गोधड्या घालत. त्यांनी सबंध उन्हाळा खपून तीनशे गोधड्या दिल्या. त्यांच्या हातची शिवण जिल्ह्याबाहेर जाण्याची ही पहिली वेळ होती, परदेशी तर दूरच. सुनंदाताई प्रत्येक गठ्ठ्याबरोबर स्वतः टेम्पोत बसून सुप्याला आल्या.

मी गोधड्या तपासल्या. हे वाक्य मी अभिमानाने लिहीत आलो आहे, आता जपून लिहितो. तुटलेली सुई आत राहू नये म्हणून प्रत्येक गोधडी सुई शोधणाऱ्या यंत्राखालून काढली. प्रत्येकीच्या मध्यावर तळहात दाबून पाहिला. सुनंदाताईंना विचारले, "आत काय आहे?" त्या म्हणाल्या, "सुती चिंध्या. दुसरं काय असनार?" मी कागदावर लिहिले, 'आत-बाहेर केवळ सुती कापड', आणि सही केली. कोपऱ्यांना मी हात लावला नाही.

दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना निरोप आला की कंटेनर अडवला आहे. सोबत छायाचित्र होते. पांढऱ्या कागदावर मोजपट्टी आणि तिच्याशेजारी ओळीने मांडलेले पाच दाणे. खाली इंग्रजीत बरेच काही होते. पण मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आहे, ज्वारी ओळखायला मला इंग्रजी लागत नाही. अधिकाऱ्यांनी चार गोधड्या उघडल्या होत्या. चारही गोधड्यांच्या एका कोपऱ्यात, शिवणीच्या आत, ज्वारीचे पाच-पाच दाणे होते. सुपारी त्या अहवालात कुठेही नाही. अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. सरदेसायांनी यावे आणि पाहावी.

सरदेसायांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाईचे होते.

"नाना, एक मेल टाकायचा. गोधड्या नष्ट करा म्हणून संमती द्यायची. बाकी माल चार दिवसांत सुटतो. दिवाळी गाठता येईल."

"आणि त्या बायकांना काय सांगायचं?"

"सांगा, समुद्रात भिजल्या."

"समयांना पाण्याचा थेंब लागला नाही आणि गोधड्या तेवढ्या भिजल्या?"

"त्या काय समया बघायला येणार आहेत का?"

एवढ्या वर्षांत माझ्यावर रागावणारे वरिष्ठ मी पुष्कळ पाहिले होते. मला खोटा निरोप घेऊन पाठवू पाहणारे हे पहिले. मी दोन दिवस मागितले. त्यांनी घड्याळाकडे पाहत दिले.

मीनलला फोन केला. ती दुकान सोडून गोदीपाशीच बसली होती. "नानाकाका, तो अधिकारी तसा वाईट नाहीये हो. पण तो म्हणतो, मला अंदाज नको. कुठे, किती, कोणत्या गोधडीत, हे पाठवणाऱ्याने लेखी द्यावं. मग ते कोपरे माझ्यासमोर उसवा आणि दाणे काढा. पण सांगितल्याबाहेर एक दाणा जरी निघाला ना, तर तीनशेच्या तीनशे भट्टीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवगावची एसटी धरली. सुनंदाताईंच्या पडवीत चौदाही बायका जमल्या. चहा आला. मी चहाला हात न लावता विचारले, "गोधडीत ज्वारी कोणी घातली?"

कोणी बोलेना. मग एकीने सुरुवात केली, "सुगीचं दिस हुतं नाना, शिवताना पडली असंल."

"मोजून पाच?"

"पोत्यावर बसून शिवत हुतो आमी."

"आणि पोत्यातून निघून ज्वारी कोपऱ्यातच जाऊन बसली? शेतातली ज्वारीसुद्धा इतकी शिस्तीत उभी राहत नाही."

बायका हसल्या आणि पदर सावरून बसल्या. सुनंदाताईंचा चेहरा उतरला होता. त्यांना प्रकार ठाऊक होता हे दिसतच होते. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या हौसाबाई बोलल्या. गटातल्या सगळ्यांत वडील. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचा टाका इतका बारीक की मीनलने नमुन्यांतून पहिली निवडलेली गोधडी त्यांचीच होती.

"मी घातली. समद्यांनी घातली. गप काय बसलाय गं? चोरी केली का आपन?"

"मावशी, पण कशासाठी?"

"कशासाठी म्हंजी? लेक सासरी निघाली की वटी भरतो का न्हाई? मंग ही बी निघालीच की. आन् ती बी कुटं, समुद्रापल्याड. मोकळ्या पदरानं धाडायची व्हय तिला?"

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं का? तुमी इचारलं, आत चिंध्या कसल्या. सांगितलं, सुती. वटीत काय घातलं ते कुनी कापडात मोजतं व्हय?"

मी आयुष्यभर लोकांना कागद दाखवून गप्प केले आहे. त्या दिवशी माझ्याच सहीचा कागद माझ्या खिशात होता आणि तो बाहेर काढावासा वाटला नाही. आपल्या भागात गोधडीचा शेवटचा कोपरा मोकळा शिवत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवे होते. माझ्या आईनेही गोधड्या घातल्या. मी कधी शेजारी बसून पाहिले नाही, एवढेच.

मग मी त्यांना परिस्थिती सांगितली. काहीही न लपवता. एक दाणा जास्त निघाला तर सगळ्या जाळतील, हेही सांगितले. 'जाळतील' म्हटल्यावर एकीने पदर तोंडाला लावला. कोणाच्या आईचे लुगडे त्यात होते, कोणाच्या वारलेल्या सासऱ्याचे धोतर.

दिवसभर मी एकेकीला पुढे बसवून विचारले. किती गोधड्या? दाणे किती? कोणता कोपरा? सुनंदाताई मुलाच्या शाळेच्या वहीत लिहीत होत्या. तेरा जणींचे उत्तर एक आले: ज्या कोपऱ्यात दोरा संपतो, तोच कोपरा, पाच दाणे. मी वही मिटणार, तोच सुनंदाताई म्हणाल्या, "मावशींचं राहिलं."

"मावशी, तुमचंही तसंच ना? शेवटचा कोपरा?"

"न्हाई. माजं चारी."

"चारी काय?"

"चारी कोपरं."

मी वही पुन्हा सरळ केली. "चारही? का?"

"येका कोपऱ्याला दिलं आन् बाकीच्या तिघांनी तोंडाकडं बगायचं व्हय?"

पडवीत हशा पिकला. मला हसू आले नाही. मी त्यांना न विचारता उठलो असतो तर त्या तीन कोपऱ्यांनी तीनशे गोधड्या जाळल्या असत्या.

"तुमच्या गोधड्या किती?"

"अकरा."

"नक्की?"

"माज्या बोटांना इचारा."

"आणि त्या तिथं ओळखायच्या कशा?"

"दोरा हिरवा. कडंचा हिरवा दोरा माज्याबिगर कुनी लावत न्हाई."

सुनंदाताईंनी मान हलवली. इतर बायकांनीही.

रात्र व्हायच्या आत मी सुप्यात होतो. पत्र मी स्वतः लिहिले: दोनशे एकोणनव्वद गोधड्या, प्रत्येकी एक कोपरा, अकरा गोधड्या, हिरव्या दोऱ्याच्या, प्रत्येकी चार कोपरे, एकूण तीनशे तेहतीस कोपरे, दर कोपऱ्यात ज्वारीचे पाच दाणे, अन्यत्र काहीही नाही. सरदेसायांनी वाचले आणि विचारले, "आणि एक जरी चुकलं तर?"

"तर माझा राजीनामा घ्या."

"बायकांच्या आठवणीवर तुम्ही नोकरी लावताय?"

"तुम्ही त्यांच्या गोधड्या भट्टीवर लावत होता. त्या मानाने स्वस्त आहे."

हे वाक्य स्मरणिकेत आले नाही.

मीनल, तिची नणंद आणि एक शेजारीण, अशा तिघींनी एका बंदिस्त शेडमध्ये बसून कोपरे उसवायला घेतले. समोर अधिकारी, त्याच्यासमोर पांढरा ट्रे. उसवायचा, दाणे ट्रेत, मोजणी, नोंद, गोधडी एक्स-रे यंत्राखाली, मग पुढची. मीनल दर दोन तासांनी फोन करी. पहिल्या दिवशी शंभराच्या वर कोपरे झाले, एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तो वेगळ्या आवाजात.

"नानाकाका, एका कोपऱ्यात सहा निघाले."

"कोणत्या?"

"हिरव्या दोऱ्याच्या. त्याने काम थांबवलंय."

मी सुनंदाताईंना फोन लावला. फोन हातात घेऊन त्या हौसाबाईंच्या घरी पळत गेल्या. त्यांची धाप मला ऐकू येत होती. मग हौसाबाईंचा आवाज आला. "नानाऽ? दिसत न्हाई रं बाबा आताशा. येक जास्ती पडला असंल चिमटीत. कमी तर न्हाई ना निगालं कुटं?"

"नाही मावशी, कमी नाही."

"मंग झालं."

मी हे शब्दशः मीनलला सांगितले. तिने इंग्रजीत त्याला सांगितले. फोन चालूच होता. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. नंतर मीनल म्हणाली, "काम चालू झालं."

"हसला का तो?"

"नाही. त्याने सहा लिहिलं."

त्या न पाहिलेल्या माणसाविषयी मला तेव्हापासून आदर आहे. मी असतो तर मीही सहाच लिहिले असते.

तिसऱ्या दिवशी तीनशे तेहतीस कोपरे संपले. त्या सहाव्या दाण्याखेरीज सांगितल्याबाहेर एकही दाणा निघाला नाही. कंटेनर सुटला. पण दिवाळी हुकली. पणत्या आणि समया तुळशीच्या लग्नाला पोहोचल्या. मीनलचे त्यात नुकसान झाले आणि ते माझ्या सहीमुळे झाले. मी कोपऱ्यांना हात लावला असता तर हे सुप्यातच, चहाच्या एका कपात मिटले असते. सरदेसायांना माझ्यावर दोष ठेवायचाच होता तर हा ठेवायचा होता. खरा दोष हाताशी असताना माणूस सुपारी कशाला शोधतो, हे मला समजत नाही.

इतरांच्या कहाण्याही लगे हात निकालात काढतो. शेवगावकडे अजून सांगतात की फॉरेनच्या साहेबांनी गोधड्या जाळल्या. खोटे आहे, तीनशेही विकल्या गेल्या. सुनंदाताई मेळाव्यांत सांगतात की नानांनी कंटेनर सोडवून आणला. तेही खोटे. मी एक पत्र लिहिले. सोडवला तो तीन बायकांनी उसवून आणि चौदा बायकांनी खरे सांगून. सुनंदाताईंना मी हे दोनदा समजावले. त्या म्हणतात, "व्हय नाना," आणि पुढच्या मेळाव्यात पुन्हा तेच सांगतात.

पुढच्या वर्षी मीनलची मागणी आली, अट घालून: आत धान्य, बी, काहीही नको. मी पुन्हा त्या पडवीत गेलो. तेरा जणींनी कुरकुर केली आणि मानले. सुनंदाताईंनी तोड काढली: गोधडी घडी घालण्याआधी तिला हळद-कुंकू बोटाने लावल्यासारखे करायचे, लावायचे नाही. हौसाबाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"मंग माज्या धाडू नका."

"मावशी, नियम माझा नाही. त्या देशाचा आहे."

"त्यांचा नियम त्येंच्यापाशी. त्येंचं बराबर बी असंल. पर मी मोकळ्या कोपऱ्याची गोधडी घालत न्हाई."

मी तासभर वाद घातला. मला वाद घालता येतो, हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल. त्या सगळे ऐकून घेत होत्या आणि सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्या हातची गोधडी त्यानंतर समुद्रापलीकडे गेली नाही. मीनल दर वर्षी विचारी, "हिरव्या दोऱ्याची नाही का आली?" मी लिहीत असे, 'उपलब्ध नाही.' माझ्या कामातले हे एकच उत्तर असे होते, की ते लिहिताना मला स्वतःचीच चीड येई.

मी निवृत्त झालो तेव्हा हौसाबाईंनी सुनंदाताईंबरोबर माझ्यासाठी एक गोधडी पाठवली. हिरवा दोरा, चारही कोपरे भरलेले. गेल्या वर्षी आमच्या माळ्यावर उंदरांनी त्यातला एक कोपरा कुरतडला आणि पाचही दाणे खाल्ले. भोकात बोट घालून मी बसलो होतो. त्या अधिकाऱ्याचे म्हणणे कागदावर मला केव्हाच पटले होते. त्या दिवशी बोटाला पटले.

आमच्या सौभाग्यवतींनी सुई-दोरा आणला. कोपऱ्याला ठिगळ लावता लावता त्या सहज म्हणाल्या, "दाणे भाजून घालते. कीड लागायची नाही आणि उगवायचेही नाहीत."

भाजून! उगवत नाही, किडत नाही, धान्य ते धान्यच. एकतीस वर्षे मी या धंद्यात घालवली, माल भाजून, वाफवून, धुरी देऊन पाठवण्याचे सगळे प्रकार मला तोंडपाठ, आणि हे मला सुचले नाही. अधिकाऱ्याला विचारता आले असते. त्याने कदाचित मानले असते. हौसाबाईंच्या गोधड्या इतकी वर्षे जाऊ शकल्या असत्या.

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का?" सौभाग्यवती म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

दुसऱ्या दिवशी मी सौभाग्यवतींकडून मूठभर ज्वारी भाजून घेतली, कागदात बांधली आणि शेवगावची एसटी धरली. कंपनीशी माझा आता संबंध नाही, पण मीनलचा नंबर माझ्यापाशी आहे. हौसाबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्याला नीट दिसत नाही; सुनेकडून सुईत दोरा ओवून घेतात आणि बोटांनी शिवतात. मला आवाजावरून ओळखले. मी सगळे समजावून सांगितले आणि पुडी उघडून त्यांच्या तळहातावर दाणे ठेवले. "मावशी, हे चालतील त्यांना. मी विचारून घेतो. मग तुमची गोधडी जाईल. चारही कोपऱ्यांनी."

त्यांनी दाणे बोटांनी चाचपले, एक तोंडात टाकून चावला. बराच वेळ चावत राहिल्या.

"नाना, ह्ये उगवतं का?"

"नाही. म्हणूनच तर चालतं."

"मंग वटीत कसं घालू? भाजल्यालं दानं लेकीच्या वटीत घालत्यात व्हय?"

जे उगवते म्हणून त्या माणसाला नको होते, ते उगवते म्हणूनच यांना हवे होते, आणि दोघांपैकी कोणीही चुकत नव्हते.

त्यांनी उरलेले दाणे माझ्या हातात परत ओतले, एकही खाली न सांडता. "खावा जाताना. चांगली भाजलीया. वहिनींनी भाजली ना?"

मी होय म्हणालो. परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. पाथर्डी फाटा ओलांडेपर्यंत पुडी संपली होती.